छातीतील कळ व हृदयाच्या रोहिण्या

आमच्या भद्रावतीच्या बाजूस एखादा धडधाकट मनुष्य एकाएकी मरण पावला म्हणजे त्याची तीन कारणे सांगण्यात येतात. कोणी म्हणतो, गॅस छातीत चढला. कोणी दबक्या आवाजात म्हणतो, करणी झाली. आणि शहाणीसुरती माणसे म्हणतात, त्याची वेळ भरली होती. चौथे कारण, जे पुष्कळदा खरे असते, ते फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही. कारण हृदयविकार हा नागपूर-मुंबईस गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, चिखलात रोवणी करणाऱ्यास व खाणीत पाळी करणाऱ्यास तो होत नाही, अशी आमची दृढ समजूत झाली आहे. ह्या पाठात त्या चौथ्या कारणाचा विचार करावयाचा आहे. उपदेशकांस विनंती आहे की, ज्या घरी कोणास वाचता येत नाही तेथे त्यांनी हा पाठ सावकाश वाचून दाखवावा, व कळ आली असता काय करावे हा शेवटचा भाग दोनदा वाचावा.

प्रथम हृदय म्हणजे काय ते पाहू. ते छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे कललेले, ज्याच्या त्याच्या मुठीएवढे मांसाचे पोकळ पात्र आहे. दिवसाकाठी ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, आणि मनुष्य स्वस्थ बसलेला असताही दर मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त अंगात खेळवते. जी नळी रक्त हृदयापासून दूर नेते तिला रोहिणी म्हणतात. कित्येक पुस्तकांत धमनी हा शब्द आढळेल, अर्थ एकच. आता येथे एक गोष्ट आहे, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हृदयाच्या पोकळीत रात्रंदिवस रक्त भरलेले असले तरी त्या रक्तातून त्याच्या जाड भिंतीचे पोषण होत नाही. मोट हाकणारा दिवसभर विहिरीचे पाणी शेतास देतो, परंतु त्याची स्वतःची तहान घरून आणलेल्या मडक्यातील पाण्यानेच भागते, तसे हे आहे. हृदयाच्या स्वतःच्या पोषणाकरिता त्याच्या माथ्याशी दोन निराळ्या रोहिण्या निघतात; डावीस थोड्याच अंतरावर दोन मोठे फाटे फुटतात, म्हणून डॉक्टर लोक बहुधा तीन नळ्यांची गोष्ट बोलतात. ह्या नळ्यांची आतील पोकळी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी असते. हात दुखला तर आपण फावडे खाली ठेवतो, पाय दुखले तर बांधावर बसतो. हृदयास मात्र जन्मापासून मरणापर्यंत फावडे खाली ठेवण्याची मोकळीक नाही. म्हणून त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाटेने त्यास अखंड रक्त मिळालेच पाहिजे.

रोग सुरू होतो तो ह्या नळीच्या आतील अस्तरात. निरोगी अस्तर गुळगुळीत असते व त्यावरून रक्त घसरत जाते. वाढलेला रक्तदाब, तंबाखूतील विष, रक्तातील फाजील साखर ह्यांचा मारा वर्षानुवर्षे झाला म्हणजे ते अस्तर जागोजागी दुखावते. रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो; तो शरीरास अवश्य आहे, परंतु अस्तर दुखावले व तो प्रमाणाबाहेर वाढला असला म्हणजे तो भिंतीत झिरपतो. मग रक्तातील पांढऱ्या पेशी, ज्यांचे काम घाण गिळण्याचे, त्या तेथे जाऊन तो पदार्थ गिळतात, गिळून फुगतात, आणि तेथेच मरतात. असे होता होता अस्तराखाली मऊ लगद्याचा एक साठा तयार होतो. ग्रीक भाषेत आंबिलीस अथवा कण्यांच्या पेजेस जो शब्द आहे, त्यावरूनच युरोपातील वैद्यांनी ह्या रोगास नाव दिले; कारण मृताची रोहिणी चिरून पाहता आत आंबिलीसारखा लगदा त्यांस आढळला. शरीर आपल्या परीने ह्या लगद्यावर चिवट तंतूंचे झाकण घालते, व पुढे त्यात चुन्याचा अंश बसून तो भाग कडक होतो.

हे काम म्हातारपणी सुरू होते असे कोणी समजू नये. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन शिपायांची हृदये तपासून तेथील डॉक्टरांनी १९५३ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्या शिपायांचे सरासरी वय २२ वर्षांचे होते, आणि शंभरांत ७७ जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत ह्या रोगाची चिन्हे डोळ्यांनी दिसत होती. त्यांपैकी कोणासही छातीत कळ आली नव्हती. ते तरणेबांड गडी होते.

ह्या रोगाचा दृष्टांत देताना आम्ही सर्वजण एकच उदाहरण देतो, ते म्हणजे तळ्याच्या पाटात गाळ साचतो त्याचे. पाट हळूहळू बुजतो, शेवटच्या बांधीत पाणी पोहोचत नाही, धान वाळते. दृष्टांत अगदी खोटा नाही. रोहिणी सुमारे दोनतृतीयांश अरुंद झाली म्हणजे चढ चढताना, ओझे उचलताना, भरल्या पोटी भराभर चालताना छाती आवळून येते, व थांबले म्हणजे काही मिनिटांत बरे वाटते. हा गाळाचा पाटच होय, आणि अशी खूण मिळाली तर ती फुकट मिळालेली सूचना समजून त्याच आठवड्यात डॉक्टरास दाखवावे. परंतु हा दृष्टांत एवढ्यावर सोडला तर त्यापासून मोठी हानी होते. ऐकणारा मनात म्हणतो, माझा पाट बुजला असता तर मला चालताना दम लागला असता; मी तर काल दोन पोती उचलली; म्हणजे मला काही नाही. आणि नेमका तोच मनुष्य त्या रात्री दगावतो.

कारण हृदयाचा झटका बहुतेक वेळा गाळाने पाट पुरता बुजून येत नाही. तो येतो लगद्यावरील झाकण फाटल्याने. आणि गोष्ट अशी आहे की, ज्या साठ्यामुळे नळी जेमतेम अर्धी अरुंद झाली आहे, ज्याचा मनुष्यास कधीच त्रास झाला नाही, त्याचेच झाकण पुष्कळदा पातळ असते व फाटते. झाकण फाटले की आतील लगदा रक्तास उघडा पडतो. रक्तास वाटते, येथे जखम झाली. कापणीच्या वेळी विळा बोटास लागला तर थोड्या वेळात रक्त गोठून वाहणे बंद होते. ही देहातील मोठी दया आहे, ती नसती तर पहिल्याच हंगामात आपण रक्त जाऊन मेलो असतो. तीच दया येथे घातक ठरते. रक्त त्या फाटलेल्या जागी गोठू लागते, गाठ वाढते, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी ती वाट काही मिनिटांत बंद होते. आदल्या क्षणापर्यंत मनुष्य निरोगी दिसत होता, ही गोष्ट म्हणून खोटी नाही. आणि करणीही नाही.

हे ज्ञान आज सोपे वाटते, परंतु ते मिळण्यास पुष्कळ काळ लागला. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनी १९१२ साली असे दाखवून दिले की, हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गाठ झाली तरी मनुष्य त्याच क्षणी मरतो असे नाही. तो जगू शकतो, व त्याची लक्षणे ओळखता येतात. तरीही पुढे कित्येक वर्षे गाठ ही झटक्याचे कारण की परिणाम, ह्याविषयी वाद चालूच राहिला. तो १९८० साली मिटला. अमेरिकेतील स्पोकेन गावच्या डॉक्टर डीवुड व त्यांच्या सोबत्यांनी कळ सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत आलेल्या १२६ रुग्णांच्या रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून चित्रे घेतली. त्यांपैकी ११० जणांची नळी पूर्ण बंद आढळली. उशिरा, बारा ते चोवीस तासांनी, आलेल्यांत हे प्रमाण बरेच कमी होते. ह्याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. नळी बंद करणारी वस्तू ताजी गाठ आहे, आणि गाठ विरघळवता येते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १७,१८७ रुग्णांवर ह्याची परीक्षा झाली. ज्यांस साध्या ॲस्पिरिनची गोळी महिनाभर दिली त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे एकचतुर्थांश कमी झाले. आणि जोडीस गाठ विरघळविणारे इंजेक्शन दिले तेव्हा ते शंभरांत ४२ ने उतरले. तेव्हापासून झटका आलेल्या मनुष्यास केवळ अंथरुणावर पडू द्यावे व वाट पाहावी, हा जुना उपचार मागे पडला.

आता नळी बंद झाल्यावर हृदयाचे काय होते ते पाहू, कारण घड्याळाचा प्रश्न येथेच आहे. त्या नळीवर अवलंबून असलेल्या मांसास रक्त मिळेनासे होते. सुमारे अर्ध्या तासात त्याचा सर्वांत आतील थर मरू लागतो. तेथून मरण बाहेरच्या थराकडे सरकत जाते, आणि पाच-सहा तासांत त्या भागातील बहुतेक मांस मेलेले असते. हाड मोडले तर जुळते, कातडी सोलली तर भरून येते. हृदयाचे मेलेले मांस परत उगवत नाही. त्याच्या जागी पांढरा चिवट व्रण बनतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही. दोन तासांच्या आत उपचार झालेला मनुष्य व दहा तासांनी झालेला मनुष्य हे दोघेही कदाचित घरी परत येतील. परंतु पहिला नांगर धरील, आणि दुसरा पायांवर सूज व छातीत पाणी घेऊन खाटेवर उशा रचून बसेल. दोघांत भेद एवढाच की, एकाच्या हृदयाचे मांस वाचले व दुसऱ्याचे गेले.

जे तत्काळ मरतात ते बहुधा निराळ्या रीतीने मरतात. उपाशी पडलेले मांस हृदयाच्या ठोक्याची शिस्त बिघडवते. सर्व तंतू एकत्र आकुंचन पावण्याऐवजी वेडेवाकडे थरथरू लागतात, रक्त पुढे ढकलले जात नाही, आणि मनुष्य बोलता बोलता कोसळतो. हे संकट पहिल्या एका तासात सर्वांत अधिक असते. हाच तो मृत्यू, ज्याविषयी गावात कुजबुज सुरू होते की कोणी तरी काही केले. ह्या कुजबुजीचा शेवट कोठे होतो ते आम्ही जाणतो. आमच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांस बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रात २०१३ पासून ह्याविरुद्ध कायदा आहे. परंतु कायदा मारहाणीनंतर येतो, व ज्ञान त्यापूर्वी पोहोचू शकते. ज्या घरी असा मृत्यू झाला असेल तेथे सांत्वनास जाणाऱ्याने हृदयाची ही गोष्ट सांगितली तर एखाद्या निराधार विधवेचे घर वाचेल.

रोहिण्यांचा हा रोग हृदयापुरताच नसतो. नळ्या सर्व देहात आहेत. मेंदूस जाणारी नळी गाठीने बंद झाली म्हणजे पक्षाघात होतो. ह्यासच आम्ही लकवा म्हणतो. (कधी कधी नळी फुटूनही लकवा होतो, आणि त्याचे मुख्य कारण वाढलेला रक्तदाब.) हा शहरी रोग आहे असे ज्यांस अजून वाटते त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. तेथील 'सर्च' ह्या संस्थेच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ ह्या काळात जिल्ह्यातील ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. एकंदर १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे दर सातांत एक, लकव्याने झाले होते. त्या गावांत दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके लोक मेले नव्हते. हिवतापाच्या व सर्पदंशाच्या मुलखात ही स्थिती आहे. पायांच्या नळ्या अरुंद झाल्या म्हणजे थोडे चालताच पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो. पुढे अंगठा काळा पडतो, व पाय कापण्याची पाळी येते. मूत्रपिंडांच्या नळ्या बिघडल्या तर रक्तदाब आणखी चढतो, व चढलेला रक्तदाब उरल्यासुरल्या नळ्यांस खातो.

कारणांविषयी लिहिताना मी सर्वांस सारखी जागा देणार नाही. आमच्या भागात खर्रा हे असे कारण आहे की त्याविषयी मोकळेपणाने लिहिलेच पाहिजे. सुपारीचे तुकडे, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदात घालून चोळायचे व दिवसभर गालात धरायचे, ही चाल चंद्रपूर-गडचिरोलीकडे इतकी रुजली आहे की पाहुण्यापुढे पाण्याआधी खर्रा येतो, रोवणीच्या बायांस मजुरीबरोबर खर्रा द्यावा लागतो, आणि शाळेतील पोराच्या खिशातही पुडी सापडते. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो हे आता पुष्कळांस ठाऊक झाले आहे. परंतु विडीचा धूर छातीत जातो, खर्रा तर तोंडातच राहतो, मग हृदयाशी त्याचा काय संबंध, असे विचारणारे सुशिक्षित लोकही आहेत. संबंध असा की, तंबाखूतील निकोटिन गालाच्या पातळ कातडीतून सरळ रक्तात जाते, नाडी जलद करते, रोहिण्या आवळते व रक्तदाब चढवते. आणि दिवसात दहा वेळा खर्रा घेणाऱ्याच्या रोहिण्यांस विसावा म्हणून मिळत नाही. बावन्न देशांत झालेल्या एका अभ्यासात, ज्यात हिंदुस्थानातीलही पुष्कळ रुग्ण होते, २००६ साली असे निष्पन्न झाले की, केवळ तंबाखू चघळणाऱ्यास हृदयाचा झटका येण्याचा संभव तंबाखू न घेणाऱ्याच्या दुपटीहून अधिक असतो, आणि जो चघळतोही व ओढतोही त्यास तो सुमारे चौपट असतो. त्याच अभ्यासातून हेही दिसले की, आमच्या दक्षिण आशियाच्या लोकांस पहिला झटका इतर देशांच्या लोकांहून सुमारे सहा वर्षे आधी येतो. म्हणजे मुलांची लग्ने व्हावयाची असतात, कर्ज फिटावयाचे असते, त्या वयात. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. गडचिरोलीत २०१६ पासून सरकार, टाटा ट्रस्ट व 'सर्च' ह्यांनी मिळून दारू व तंबाखू कमी करण्याकरिता 'मुक्तिपथ' नावाचे काम सुरू केले. पण खर्ऱ्याची पुडी अंगणातच चोळली जाते, तेथे बंदीचा हात पोहोचत नाही. तेथे घरच्यांचाच शब्द चालतो. मंडळीच्या भोजनानंतर ताटात खर्रा फिरविण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे ती तर उपदेशकांनी आपल्यापासूनच बंद करावी. तंबाखू सोडल्यावर हृदयाचा धोका पहिल्या काही वर्षांतच पुष्कळ उतरतो, एवढे आश्वासन सोडणाऱ्यास निःशंकपणे द्यावे.

दुसरे मोठे कारण रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून मनुष्य म्हणतो मला काही होत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० ह्यांहून वारंवार अधिक भरला तर तो रोग समजावा. उपकेंद्रात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजून मिळतो व गोळ्याही मिळतात. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दंडास पट्टा बांधून घ्यावा. गोळ्यांनी आकडा खाली आला की रोग गेला असे समजून गोळ्या टाकून देणारे फार. छपरावर कौले आहेत म्हणून घर कोरडे आहे, कोरडे आहे म्हणून कौले काढावी काय? मिठाविषयीही सांगितले पाहिजे. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे असते. लोणचे, पापड व सुकी मासळी ह्यांत ते केव्हाच ओलांडले जाते. मधुमेह, अंगमेहनत सुटणे, वारंवार तळलेल्या तेलातील पदार्थ, वनस्पती तूप, चुलीचा व कोळशाचा धूर, ही बाकीची कारणे आहेत. सडपातळ शरीर हे काही अभयपत्र नव्हे.

विद्या हेही अभयपत्र नव्हे. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले व १९८६ पासून गडचिरोलीत पत्नी डॉक्टर राणी बंग ह्यांच्यासह गोरगरिबांच्या आरोग्याचे काम करणारे डॉक्टर अभय बंग ह्यांस स्वतःसच ऐन चाळिशीत ह्या रोगाने गाठले. त्या अनुभवावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे मराठी पुस्तक लिहिले, व ते महाराष्ट्रात घरोघर वाचले गेले. डॉक्टर असूनही आपल्या देहाकडे आपण कसे पाहत होतो ह्याची तपासणी त्यात आहे, आणि आहार, चालणे व मनाची स्वस्थता ह्यांकडे ते कसे वळले ते त्यांनी सांगितले आहे. ज्यांस वाचता येते त्यांनी ते अवश्य मिळवावे.

आता कळ आली असता काय करावे ते लिहितो. कळ बहुधा सुईसारखी टोचत नाही. छातीच्या मध्यावर धोंडा ठेवल्यासारखे, दोर आवळल्यासारखे, अथवा आत जळजळल्यासारखे वाटते. ती डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत अथवा बेंबीच्या वर उतरते. दरदरून थंड घाम येतो, ओकारी होते, जीव घाबरा होतो. स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेही मनुष्यांत कळ अगदी थोडी असते किंवा नसतेही. नुसता दम लागतो, विलक्षण थकवा येतो, मळमळते. आणि येथेच गॅस हा शब्द घात करतो. ओवा खाल्ला, लिंबू-सोडा प्याले, कोणी पाठ चोळली, एक ढेकर आली, थोडे बरे वाटले, मग ठरले की सकाळी पाहू. ढेकर आली म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. झटक्यातही ढेकरा येतात. गॅस की हृदय, ह्याचा निवाडा घरात बसून कोणास करता येत नाही, डॉक्टरासही नाही. तो कार्डिओग्रामच्या कागदावर होतो, आणि तो कागद निघण्यास पाच-दहा मिनिटे लागतात. खरोखरच गॅस निघाला तर लाज कशाची? हसत घरी यावे.

म्हणून असे दुखणे पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही, अथवा घामासह आले, तर त्याच घटकेस १०८ ह्या क्रमांकास फोन करावा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे व तिचे भाडे पडत नाही. रुग्णास चालू देऊ नये, जिना चढू देऊ नये, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून बसवून नेऊ नये; उशीस टेकून अर्धवट बसवावे. ॲस्पिरिनची तीनशे मिलिग्रॅमच्या सुमाराची एक गोळी चावून खाण्यास द्यावी, नुसती गिळू देऊ नये. परंतु ज्यास त्या औषधाचे वावडे आहे, ज्याच्या पोटातून रक्त जाते, अथवा ज्याचे तोंड वाकडे झाले आहे किंवा हात लुळा पडला आहे, त्यास ती मुळीच देऊ नये. जिभेखाली धरण्याची गोळी डॉक्टराने ज्यास नेमून दिली असेल त्यानेच घ्यावी. शेजाऱ्याची घेऊ नये. प्रार्थना करावी, अवश्य करावी. परंतु ती गाडीत करावी. गाडी दारात उभी ठेवून आप्तांची वाट पाहणे, पाळकास बोलावणे, वैदूकडे माणूस धाडणे, ह्यांत जो वेळ जातो तो हृदयाच्या मांसातून वजा होतो.

कोठे न्यावे? जेथे कार्डिओग्राम निघतो अशा सर्वांत जवळच्या दवाखान्यात. भद्रावतीत ग्रामीण रुग्णालय आहे. तेथून चंद्रपूर सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि तेथे २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नळीत फुगा घालून ती उघडण्याची क्रिया, जी प्रथम १९७७ साली झुरिच येथे डॉक्टर ग्रुंटसिग ह्यांनी जिवंत मनुष्याच्या हृदयावर केली, ती दोन तासांच्या आत होत असेल तर सर्वांत उत्तम. नागपूर येथून सव्वाशे किलोमीटर आहे, व आतल्या जंगलातून येणाऱ्यास तितक्या अवधीत तेथे पोहोचणे अशक्य. अशा वेळी गाठ विरघळविणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात आधी घ्यावे, व मग पुढे जावे. ते पहिल्या दोन-तीन तासांत दिल्यास फार गुण देते, बारा तासांनंतर बहुधा व्यर्थ जाते. "इंजेक्शन नको, सरळ नागपूरला नेतो," असे म्हणून रुग्णास हलविणारे नातलग प्रेमानेच तसे करतात. पण मोठे शहर हे औषध नव्हे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे. महात्मा जोतिराव फुले योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत हृदयाच्या ह्या उपचारांचा खर्च शासन सोसते.

मनुष्य कोसळला, हाक ऐकेना, आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर वाट पाहू नये. एकाने फोन करावा. दुसऱ्याने त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यावर तळहातावर तळहात ठेवून, कोपर न वाकवता, सुमारे दोन इंच खोल दाब द्यावा व सोडावा, असे मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. थकल्यास दुसऱ्याने हात घालावा. उखळात कांडणाऱ्या बायांस हा ताल समजावून सांगावा लागत नाही. तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगविणे, नाकाशी वहाण धरणे, ह्यांत एक मिनिटही घालवू नये.

रुग्ण घरी परत आला म्हणजे त्यास पाहण्यास गाव लोटतो, व प्रत्येकजण आपल्या मामाच्या मरणाची गोष्ट सांगतो. पहिले काही दिवस घरच्यांनी दाराशी कोणी तरी बसवून ही गर्दी परतवावी. मेलेल्या मांसाचा व्रण पक्का होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पोते उचलणे, नांगर धरणे, विहिरीतून घागर ओढणे बंद. चालणे मात्र डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करावे, प्रथम अंगणात, मग बोळाच्या टोकापर्यंत, मग शेताच्या धुऱ्यापर्यंत. रक्त न गोठू देणाऱ्या व कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या ज्या गोळ्या लिहून दिल्या असतील त्यांची पुडी संपण्याच्या चार दिवस आधीच नवी आणून ठेवावी. नळीत जाळी बसविली असेल तर ह्या बाबतीत एका आठवड्याचाही खंड धोक्याचा असतो, कारण रक्त त्या नव्या जाळीवरही गोठते. पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन ज्यांच्या वाटा बंद होतात अशा गावांतील लोकांनी रोवणी सुरू होण्यापूर्वीच दोन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्या.